तळघरात सापडलेला चंद्राचा गाभा

आमच्या घरात चंद्राबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. बाकीच्या जगाचं त्याच्याशी काय असेल ते असो. कोणी गच्चीत उभं राहून "आज काय सुंदर दिसतोय!" असं म्हणालं की मी म्हणते, दिसू दे बापडा, दिसायला त्याचं काय जातंय? आत काय भरलंय ते सांगा. नाही ना सांगता येत? मग बसा. आमचे भावजी उभा जन्म तेच शोधत बसले, आणि त्यापायी त्यांचे केस गेले, पचन गेलं आणि लग्न तर व्हायच्या आधीच गेलं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, माझे हे औषधांच्या दुकानात असतात, आणि भावजी एका मोठ्या संस्थेच्या चंद्र विभागात. चंद्र विभाग म्हटलं की लोकांचे डोळे केवढे होतात! त्यांना वाटतं काचेच्या भिंती असतील, पांढरे कोट असतील, गेलाबाजार एखादं रॉकेट तरी असेल. मी पाहिलाय तो विभाग. जिन्याखालची खोली आहे. दोन टेबलं आणि तीन खुर्च्या, त्यातली एक पाय मोडलेली, ती पाहुण्यांसाठी.

तिथे बसून हा माणूस करतो काय, तर रेघा बघतो. दिवसभर. कॉम्प्युटरवर एक वाकडीतिकडी रेघ असते, ती डावीकडून उजवीकडे जाते, आणि भावजी तिच्यावर खूण करतात. "इथे सुरू झालं." मग पुढची रेघ. ऑफिसात त्यांना खूणवाले म्हणतात. पगार खुणा करण्याचा आणि बढती कसलीच नाही, असा एकंदर थाट.

या रेघा कुठल्या, ते मलाही शिकावं लागलं, कारण जेवताना आमच्याकडे दुसरा विषयच नसतो. माणसं चंद्रावर गेली होती ना, ती येताना तिथे धक्के मोजणारी यंत्रं ठेवून आली. आपल्याकडे भूकंप मोजतात तसली. ती यंत्रं काही वर्षं इमानाने चालली, आणि मग इथल्या लोकांनीच ती बंद केली, खर्च परवडेना म्हणून. चंद्रापर्यंत जायला परवडलं, ऐकायला परवडेना. तेवढ्या वर्षांत जे काही नोंदलं गेलं त्याच या रेघा. नव्या येत नाहीत. त्याच त्या शिळ्या रेघा जगातले शहाणे लोक पुन्हा पुन्हा चघळतायत, आणि त्यांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर आमचे भावजी.

"अहो, पण चंद्राला पोटातून हलवतं कोण?" मी एकदा विचारलं. चूक झाली. दोन्ही पोळ्या गार होईपर्यंत उत्तर चाललं होतं.

पृथ्वी हलवते म्हणे. चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो, पृथ्वी त्याला दर महिन्याला ओढते आणि सोडते, आणि त्याच्या पोटात खोलवर, अर्ध्या वाटेवर, ठरलेल्या जागी कुरकुर होते. दर महिन्याला, तिथेच, तशीच. मी म्हटलं, म्हणजे माझ्या गुडघ्यासारखं. भावजींनी अगदी गंभीरपणे मान डोलावली. "हो वहिनी, फक्त तुमचा गुडघा लवकर थांबतो. चंद्र एकदा हलला की तासभर थरथरतो. आत पाणी नाही, सगळा कोरडा, फुटका दगड. धक्का आत इकडून तिकडे आपटत राहतो." माणसाने मुद्दाम रॉकेटचे वापरलेले तुकडेसुद्धा त्याच्यावर आदळून बघितले, किती वेळ वाजतो ते. शेजाऱ्याच्या घरावर दगड मारायचा आणि आत कोण ओरडतं त्यावरून खोल्या मोजायच्या, यालाच संशोधन म्हणतात. चोरांनी केलं तर त्याला वेगळं नाव आहे.

दुसरेही मार्ग आहेत. तिथे आरसे ठेवलेत, त्यांच्यावर इथून प्रकाश मारतात, आणि तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून चंद्र डुलतो कसा ते बघतात. आत पातळ असेल तर डुलणं वेगळं, घट्ट असेल तर वेगळं. दोन यानं एकामागोमाग फिरवून कुठे जास्त ओढ लागते तेही मोजलंय. यातून एवढं सगळ्यांना पटलंय की मध्यभागी लोखंडाचा गाभा आहे आणि तो बाहेरून वितळलेला असावा. भांडण पुढचं. त्या वितळलेल्याच्या आत, अगदी मधोमध, घट्ट गोळा आहे का? असला तर केवढा? या प्रश्नाने कोणाची झोप उडाली असेल असं मला वाटत नव्हतं. पण मागच्या खोलीतला दिवा पाहिला की वाटायचं.

स्वभाव म्हणाल तर माणूस गरीब. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त ठोकायची सवय. भांडं घ्यायला पाठवलं तर दुकानातली सगळी भांडी ठोकून येतात आणि आणत काहीच नाहीत. एकदा माझ्या एका गिऱ्हाईक बाईंशी मी त्यांची मोठ्या हौसेने ओळख करून दिली. बाई शिकलेल्या, हसतमुख, एकट्या राहणाऱ्या. भावजी त्यांच्याकडे चहाला गेले आणि भिंत ठोकून म्हणाले, "तुमची ही भिंत आतून पोकळ आहे." बस्स. एवढंच बोलून आले. त्या बाईंनी नंतर गवंडी बोलावला, नवरा म्हणून दुसराच कोणी बघितला. भिंत पोकळ निघाली हे भावजी अजून अभिमानाने सांगतात.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि भावजींची निवृत्ती जवळ आली. त्याच सुमाराला संस्थेत बातमी आली की चंद्रावर नवीन यान उतरणार आहे, आणि त्यात धक्के मोजणारं एक नवं यंत्र न्यायचंय. यंत्र कोणाचं न्यायचं ते निवड समिती ठरवणार. आमच्या संस्थेने असं एक यंत्र बनवून तळघरात ठेवलं होतं, सिमेंटच्या ओट्यावर, चाचणीसाठी. पण आणखी दोन संस्थांनीही बनवलं होतं. आता समितीला दाखवायला काहीतरी पराक्रम हवा.

संस्थेचे साहेब, म्हणजे संचालक, यांनी आयुष्यात पहिल्यांदा जिन्याखाली पाय ठेवला. पाय मोडलेल्या खुर्चीवर बसायला गेले, उठले, आणि उभ्यानेच भावजींना म्हणाले, "तो आतला गोळा सापडवा. जुन्या रेघांत असणारच. सापडला तर यंत्र आपलंच जाईल, तुम्हाला निवृत्त करत नाही, नव्या रेघा तुम्हीच वाचायच्या. नाही सापडला तर हा विभाग बंद. मला ही खोली लागणारच आहे."

नव्या रेघा! तुम्हाला त्याचं काय वाटणार? पण हा माणूस तरुणपणापासून शिळ्या रेघांवर जगलेला. आपल्या हयातीत चंद्राचा ताजा धक्का बघायला मिळेल, हे त्यांनी स्वप्नातसुद्धा धरलं नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले आणि चपला घालूनच जेवायला बसले. यांनी खुणेने मला गप्प बसायला सांगितलं. मी बसले नाही, पण ओरडलेही कमीच.

मग सुरू झाली शोधाशोध. गोळा असला तर धक्का त्याच्यावर आपटून परत येणार, आणि तो परतीचा आवाज रेघेत कुठेतरी असणार. पण तो इतका बारीक, की तासभराच्या त्या थरथरीत पार बुडालेला. तो काढायची युक्ती भावजींनी मला समजावली. समजा दवाखान्यात गर्दी आहे, पोरं रडतायत, म्हातारे खोकतायत, आणि आतून कंपाउंडर बारीक आवाजात "पुढचा!" म्हणतो. एका दिवसात ते ऐकू येणार नाही. पण पुष्कळ दिवसांचे आवाज एकावर एक ठेवले, आणि ते "पुढचा!" नेमकं एकाखाली एक आलं, तर रडणं-खोकणं एकमेकांत विरून जातं आणि कंपाउंडर तेवढा उठून ऐकू येतो. चंद्र एकाच जागी त्याच पद्धतीने कुरकुरतो ना, म्हणून हे जमतं.

"पण एकाखाली एक आणायचं कसं? कंपाउंडर काय घड्याळ लावून ओरडतो?"

"म्हणून तर आधी अंदाजाने आवाजाचा एक नमुना काढायचा. मग प्रत्येक रेघ थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवायची, नमुन्याशी नीट जुळेपर्यंत. मुळीच जुळत नाही ती सोडून द्यायची."

"सोडून द्यायची?"

"खराब असते ना ती."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. संस्थेतल्या मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनाही वाटलं नाही, तेव्हा मी कोण लागून गेले!

आणि सापडला की हो गोळा! एका दुपारी भावजी ऑफिस सोडून धावत घरी आले. मी एका बाईंचं माप घेत होते, तर भावजी सरळ आत शिरून "आहे! वहिनी, आहे!" म्हणून ओरडले. त्या बाई घाबरून पडद्यामागे गेल्या. कागदावर एक रेघ होती, आणि तिच्या मधोमध एक उंचवटा. एवढासा. शर्टाच्या खिशाला पडते तेवढी सुरकुती. मी म्हटलं, छान आहे. खरं तर मला रडू आलं होतं, कारण भावजी तिथल्या तिथे उभे राहून हसत होते आणि हसताना त्यांना दात किती आहेत ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं.

मग काय विचारता! कालपर्यंत ज्यांना खूणवाले म्हणत होते त्यांना साहेब एकदम "आमचे ज्येष्ठ सहकारी" म्हणायला लागले. जिन्याखाली नवी खुर्ची आली. समितीला बोलावून मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, पत्रिका छापल्या, पत्रिकेवर साहेबांचं नाव ठळक, भावजींचं बारीक, आणि चंद्राचा फोटो सगळ्यात मोठा, खाली गोळ्याचं माप. मी भावजींना कोट शिवला. खांदे उतरते आहेत, म्हणून आत थोडं जास्त भरलं. तो घालून आरशासमोर उभे राहिले तर खरंच कोणीतरी वाटत होते.

कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना ते पुन्हा दुपारचे घरी आले. या वेळी धावत नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. तीच रेघ, तोच उंचवटा. उलट जरा जास्तच देखणा.

"अजून चांगला आलाय की," मी म्हटलं.

"हा चंद्राचा नाही."

"मग कोणाचा?"

"आमच्या तळघराचा."

झालं होतं असं. समितीला दाखवायची आकृती जरा सुबक यावी म्हणून भावजींनी सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून चालवलं. चंद्राच्या फायली उचलायच्या, त्याऐवजी चुकून उचलल्या तळघरातल्या नव्या यंत्राच्या. दोन्हींना एकच क्रमांक. क्रमांक देणाऱ्याने डोकं गहाण ठेवून दिलेला. त्या फायलींत काय होतं? लिफ्ट वरखाली जाते ते, रस्त्यावरून ट्रक जातो ते, वरच्या मजल्यावर कोणी टेबल सरकवतं ते. नुसती खडखड. ती घेतली, नमुन्याशी जुळवली, न जुळणारी टाकून दिली, एकावर एक ठेवली, आणि आला चंद्राचा गाभा! तारखेकडे लक्ष गेलं म्हणून कळलं. चंद्रावरची यंत्रं बंद होऊन युग लोटलं, आणि फायलीवर तारीख गेल्या महिन्यातली. नाहीतर सभागृहात समितीपुढे आमची लिफ्ट झळकली असती.

मी कपाळावर हात मारला. "अहो, पण चुकीच्या फायली घेतल्या, तर योग्य त्या घ्या आणि परत करा! त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

भावजींनी माझ्या टेबलावरचा कागदाचा नमुना उचलला, ब्लाउजच्या पाठीचा. "वहिनी, तुम्ही हा कापडावर ठेवता आणि कापता. रेशीम असो, गोणपाट असो, पाठ अशीच निघणार ना?"

"अशीच निघणार. त्यासाठीच तर नमुना असतो."

"मग कापून झाल्यावर तुम्ही असं म्हणाल का, की बघा, या कापडात मुळातच पाठ होती?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"मी नमुना आधी ठरवला," ते म्हणाले, "आणि जे जुळेल तेच ठेवलं. असं केलं तर कशातूनही गोळा निघणार. चंद्रातूनही निघाला. तो तिथे आहे म्हणून निघाला, की मी कापला म्हणून, ते मला आता सांगता येत नाही."

आता मी काय म्हणाले ते सांगते, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. मी म्हणाले, "गप्प बसा." सरळ. "कोणाला कळलंय? तुम्हाला आणि मला. मी कोणाला सांगायला चंद्रावर जाणार नाहीये. यंत्र वर जाऊ दे, नव्या रेघा येऊ देत, मग त्यात शोधा गोळा नाहीतर चौकोन. आहे की नाही ते तेव्हा ठरेल. आज तोंड उघडलंत तर नवी रेघ तुमच्या नशिबी नाही. उभं आयुष्य गेलंय तुमचं भावजी, आता एक ताट समोर आलंय तर त्याला लाथ मारू नका."

"नव्या रेघांतही मीच शोधणार ना?" ते म्हणाले. "हाच नमुना घेऊन."

रात्री जेवताना मी यांना सगळं सांगितलं, म्हटलं थोरले भाऊ आहात, दोन शब्द सुनवा. यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्याला काय करायचं ते करू दे." बस्स, एवढंच. औषधाच्या दुकानात जन्म काढून माणूस अशा पुड्या बांधायला शिकतो.

दुसऱ्या दिवशी भावजी साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं, दार लावून घेतलं आणि त्यांना सुचवलं की तळघराची ती आकृती पुसून टाकावी. भावजी म्हणाले, आकृती पुसून उपयोग नाही, पद्धतच चुकली आहे. साहेब म्हणाले, पद्धत कार्यक्रम झाल्यावर सुधारू. भावजी म्हणाले, तोवर समितीने यंत्र निवडलेलं असेल. साहेब म्हणाले, "अहो, तेच तर!" आणि अगदी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यात मी भरलेलं नव्हतं तेव्हा. साध्या शर्टात होते. म्हणाले, "तुमच्या नव्या खुर्चीचा तरी विचार करा." विज्ञानाचा विचार करायला तेवढे एकच साहेब पुरेसे होते ना!

कार्यक्रमाला आम्ही दोघंही गेलो. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत समिती, चेहऱ्यावर जेवण कधी आहे हा भाव. साहेबांचं भाषण झालं. त्यात "गाभा" हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी मला तो त्यांच्याच पोटात आहे असं वाटायला लागलं. मग भावजी उठले. कोट अंगावर नीट बसला होता, तेवढं मी पाहून घेतलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, गोळा सापडला म्हणा आणि खाली बसा, बाई गं, बसा एकदाचे.

त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. शेजारी शेजारी. दोन्हींत उंचवटा.

"यातली एक चंद्राची आहे," ते म्हणाले. "कुठली ते कृपया हात वर करून सांगा."

लोकांना वाटलं काहीतरी गंमत आहे. डावीसाठी थोडे हात वर झाले. उजवीसाठी जवळजवळ सगळं सभागृह. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तर उठून उभे राहिले आणि उजवीच का, ते त्यांनी समजावूनही सांगितलं. उंचवट्याची ठेवण बघा म्हणाले, असं फक्त चंद्रातच होतं. साहेबांनी मात्र हात वर केला नाही. ते पाण्याची बाटली उघडत होते, आणि ती काही केल्या उघडत नव्हती.

"उजवी आमच्या तळघराची आहे," भावजी म्हणाले. "त्यात लिफ्ट आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नमुना कसा ठरवला, रेघा कशा सरकवल्या, कुठल्या टाकल्या. "खराब म्हणून ज्या टाकल्या त्या खराब नव्हत्या. त्या फक्त माझ्यासारखं म्हणत नव्हत्या." मग त्यांनी पत्रिका हातात घेतली. "म्हणून आतल्या गोळ्याचं जे माप पत्रिकेत छापलंय ते मी मागे घेतो. धक्क्यांवरच्या माझ्या खुणा राहू द्याव्यात, त्या बघून केलेल्या आहेत."

पांढरी दाढी खाली बसली. कोणीतरी खोकलं. यांनी माझा हात धरला, जो आमच्या लग्नानंतर चारचौघांत कधी धरला नव्हता.

आणि मग साहेब उठले. काय माणूस आहे, मानलं बुवा! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माइक हातात घेऊन म्हणाले, "याला म्हणतात वैज्ञानिक निष्ठा! आमच्या संस्थेत आम्ही स्वतःच्याच निष्कर्षांची अशी कठोर परीक्षा घेतो. मीच यांना म्हटलं होतं, की आधी तळघरात बघा." टाळ्यांचा कडकडाट! समितीतले लोक माना डोलवत होते. त्या टाळ्यांच्या मध्ये भावजी कागद गोळा करत उभे होते, आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

यंत्र दुसऱ्या संस्थेचं गेलं. साहेबांची निष्ठा मात्र समितीला इतकी आवडली, की पुढच्या समितीवर त्यांनाच घेतलं. आता ते गावोगाव जाऊन प्रामाणिकपणावर व्याख्यानं देतात, तळघराचा किस्सा सांगतात, आणि मी ऐकलंय की त्यात खूणवाले येतच नाहीत. चंद्र विभाग बंद झाला. जिन्याखाली प्रिंटरची रिकामी खोकी ठेवलीत. भावजी ठरल्या तारखेला निवृत्त झाले, खुर्चीसकट नाही.

मी बरेच दिवस धुमसत होते. भावजी मात्र मजेत. वेळेवर जेवतात, दुपारी झोपतात, पचनसुद्धा सुधारलं. हे बघून तर माझा आणखीच तिळपापड व्हायचा. एका दुपारी ते जेवायला बसले होते आणि मी वाढत होते, तेव्हा टीव्हीवर बातमी लागली, की ते नवं यान निघालं. पडद्यावर दुसऱ्या संस्थेची माणसं मिठ्या मारत होती. भावजी हातातला घास तसाच धरून बघत राहिले. अगदी शेवटचा धूर विरेपर्यंत.

माझा बांध फुटला. "काय मिळालं हो तुम्हाला? सांगा ना! ते तिथे नाचतायत, तो साहेब तुमच्या जिवावर हार घालून फिरतोय, आणि तुम्ही इथे माझ्या हातची भाजी खाताय. एक दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर काय चंद्र खाली पडणार होता?"

"नसता पडला," ते म्हणाले. घास ताटात ठेवला. "पण वहिनी, गोळ्याचं ते माप मी तसंच राहू दिलं असतं ना, तर पुढच्या प्रत्येकाने तोच नमुना घेतला असता. ती पोरं नाचतायत, त्यांनीही घेतला असता. जन्मभर तोच शोधत बसली असती." घास पुन्हा उचलला. "आणि वहिनी, त्यांना तो सापडला असता. प्रत्येकाला. प्रत्येक वेळी."

मग ते पुन्हा जेवायला लागले. मी ताटात भाजी वाढली, नको म्हणत होते तरी वाढली, आणि आत गेले. मला रडू येत होतं. रागाने येत होतं असं मी यांना सांगितलं, आणि यांनी "बरं" म्हणून ते ऐकून घेतलं.